बालपण मोबाईलने खाल्लं म्हणता, पण तारखा जुळत नाहीत

"हल्लीची पोरं खेळतच नाहीत, सारखं त्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली असतात." चार मोठी माणसं जमली आणि बोलायला काही उरलं नाही की हा विषय हमखास निघतो आणि मग पाठोपाठ "आमच्या लहानपणी" सुरू होतं, म्हणजे दिवेलागणीपर्यंत घराबाहेर, गुडघे कायम फुटलेले, टीव्ही होता पण ठराविक वेळच, टेपरेकॉर्डरला हात लावायचा तर आधी विचारायचं, व्हिडिओ गेम होता तो कुणा एकाच्या घरी, आणि तरी आम्ही कसे मजेत होतो. मग इंटरनेट आलं, त्याच्या मागून स्मार्टफोन आला आणि सगळ्याची वाट लागली. गोष्ट सुटसुटीत आहे, आरोपी सापडलाय, शिक्षाही ठरलीय. फक्त तारखा जुळत नाहीत.

1990 साली लंडनच्या पॉलिसी स्टडीज इन्स्टिट्यूटने एक अभ्यास छापला, मेयर हिलमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. 1971 मध्ये इंग्लंडमधल्या काही शाळांत मुलांना आणि पालकांना विचारलं होतं की शाळेत एकटं जाता का, रस्ता एकट्याने ओलांडायची परवानगी आहे का, असले साधे प्रश्न, आणि 1990 मध्ये त्याच शाळांत जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले. 1971 मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी 80 टक्के मुलं मोठं माणूस सोबत नसताना शाळेत जात होती. 1990 मध्ये हा आकडा होता 9 टक्के. ऐंशीवरून नऊ, आणि तेही 1990 पर्यंत! तेव्हा टिम बर्नर्स-लीने वेबचा, म्हणजे आपण इंटरनेटवर बघतो त्या वेबसाइट्सच्या जाळ्याचा, प्रस्ताव लिहून जेमतेम वर्ष झालं होतं, तो काम करायचा त्या सर्न या संशोधन संस्थेने ते तंत्रज्ञान सगळ्या जगाला फुकट खुलं केलं 1993 च्या एप्रिलमध्ये, आणि पहिला आयफोन यायला अजून सतरा वर्षं होती. म्हणजे मुलं रस्त्यावरून गायब झाली तेव्हा आपला आरोपी नीट जन्मालाही आलेला नव्हता.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं मी म्हणणार नाही, कारण मोबाईल काही संन्यासी नाही, त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण पहिली चोरी त्याने केलेली नाही, एवढं तरी मान्य करूया.

मग पहिली चोरी केली कुणी? तर पालकांनी तेव्हाच सांगितलं होतं, रहदारी. गाड्या वाढल्या, वेग वाढला, आणि रस्ता ही माणसांनी उभं राहून गप्पा मारायची, मुलांनी गोट्या मांडायची जागा होती ती फक्त इकडून तिकडे जायची सोय झाली. गंमत बघा, त्या काळात ब्रिटनमध्ये रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली होती आणि सरकार म्हणत होतं बघा रस्ते किती सुरक्षित झाले, तर हिलमन वगैरेंचं म्हणणं असं की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, तुम्ही मुलंच उचलून घरात नेऊन ठेवलीत म्हणून आकडा खाली आलाय. तिथल्या वाहतूक खात्याचं एक पोस्टर होतं 1980 च्या दशकात, एक पाऊल चुकलं की मेलास अशा अर्थाचं, आणि ते लिहिलेलं होतं मुलांसाठी. गाडी चालवणाऱ्यासाठी नाही. याच्यात सगळं आलं असं मला वाटतं, म्हणजे धोका निर्माण करणारा मोठा माणूस आपल्या वेगात जाणार आणि सांभाळायचं कुणी, तर सात वर्षांच्या पोराने.

हे सगळीकडे असंच व्हायलाच हवं होतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये 1971 या एका वर्षात रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती, आणि तिथले लोक चिडून रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा असंच त्या चळवळीचं नाव होतं, लहान मुलांना घेऊन आईबाप रस्ते अडवून बसले. त्यानंतर 1976 मध्ये त्यांच्याकडे वूनएर्फ नावाच्या रस्त्यांना कायदेशीर दर्जा मिळाला, म्हणजे घरांच्या मधले असे रस्ते जिथे चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्याचा हक्क आधी, आणि गाडीने यायचं तर माणसाच्या चालीने यायचं. आज डच मुलं सायकलवर एकटी फिरताना दिसली की आपण म्हणतो त्यांची संस्कृतीच तशी आहे. संस्कृती बिंस्कृती काही नाही, लोक भांडले म्हणून झालं ते.

आता कुणी म्हणेल की हा युरोपातला हिशोब आमच्या गळ्यात कशाला. ठीक आहे, तुमच्या घरातला हिशोब करून बघा. आजोबा आठ वर्षांचे असताना घरापासून एकटे किती लांब जायचे ते विचारा, मग आईवडिलांना विचारा, मग स्वतःचं आठवा, आणि मग आपल्या पोराला तेवढं जाऊ देता का ते बघा. बहुतेक घरांत ही हद्द दर पिढीला आखडत आलेली दिसेल, आणि मोबाईल या मालिकेत अगदी शेवटी येतो. तोवर घराबाहेर गाड्या लागलेल्या होत्या, मोकळ्या प्लॉटला कुंपण झालं होतं, भिंतीवर बॉल खेळू नये अशी पाटी आलेली होती आणि मुलांची संध्याकाळ क्लासच्या वेळापत्रकात गेली होती. बाहेर जायला जागा नसलेलं मूल घरात जे मिळेल त्यात रमणारच, आधी टीव्ही होता, मग गेम, मग कॉम्प्युटर, आता फोन.

स्क्रीन तेव्हाही होताच, हेही आपण सोयीने विसरतो. निन्टेंडोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, जपानमध्ये 1983 च्या जुलैत आला आणि त्याच्या नकला मग जगभर घराघरांत पोचल्या, आपल्याला त्या नकलाच ठाऊक, "टीव्ही गेम" म्हणायचो. त्या मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती, त्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. म्हणजे दुसरा खेळाडू गेम सुरूही करू शकत नव्हता आणि थांबवूही शकत नव्हता, सगळी सूत्रं पहिल्याच्या हातात, आणि पहिला कोण तर ज्याच्या घरी गेम आहे तो. आमच्यात अशाच एका मुलाकडे गेम होता आणि दुपारी आम्ही सगळे तिथे टपकायचो, दोन जण खेळणार आणि बाकीचे मागे बसून ओरडणार, अरे उडी मार, अरे खाली जा, अरे ते मशरूम घे ना. नियम असा की मेलास की पुढच्याला द्यायचं. त्यावर भांडणं व्हायची, की हे मरणं धरायचं का, कारण मध्येच त्याच्या आईने हाक मारली म्हणून लक्ष गेलं होतं, मग त्यावर मतदान, मग रुसवे, मग एक जण चिडून घरी जाणार आणि पाच मिनिटांत परत येणार.

आणि गेमची कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, परत लावायची. हे आम्हाला कुणी शिकवलं? मॅन्युअलमध्ये नव्हतं, मोठ्यांना माहीत नव्हतं. तरीही जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या त्या वयाच्या माणसाला विचारा, तो फुंकर मारायचाच. फुंकरीने होत काहीच नव्हतं, काढून परत लावताना पिना नीट बसायच्या म्हणून चालायचं, उलट निन्टेंडोनेच पुढे सांगितलं की फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. पण मला त्यातलं खरंखोटं महत्त्वाचं वाटत नाही. इंटरनेट नसताना, एकमेकांना न भेटता, एक अख्खी पिढी एकच चुकीची गोष्ट तोंडोतोंडी शिकली, म्हणजे मुलांची स्वतःची अशी एक पाइपलाइन होती, मोठ्यांच्या नजरेबाहेर चालणारी.

ही पाइपलाइन फार जुनी आहे. 1560 साली ब्रॉयगेल या चित्रकाराने मुलांचे खेळ रंगवले ते चित्र व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, त्यात ऐंशीहून जास्त खेळ ओळखता येतात म्हणतात, आणि त्यातले कित्येक आपणही खेळलोय. 1950 च्या दशकात आयोना आणि पीटर ओपी या ब्रिटिश नवराबायकोने हजारो शाळकरी मुलांकडून त्यांची गाणी, खेळ, शिव्या, शपथा गोळा केल्या, आणि त्यात त्यांनी एक भारी काम केलं, पळापळीच्या खेळात मध्येच थांबायचं असेल तर मुलं काय ओरडतात ते जागोजागचं नोंदवलं. म्हणजे आपलं टाइमप्लीज. प्रत्येक भागात वेगळा शब्द, पण सोय सगळीकडे तीच, की बुटाची नाडी सुटली, धाप लागली, तर हात वर करून खेळाबाहेर यायचं आणि तेवढ्या वेळात तुला कुणी आउट करायचं नाही. आता विचार करा, पळणाऱ्याला पकडायचं एवढाच ज्या खेळाचा उद्देश आहे त्यात पकडणाऱ्याने समोर उभ्या असलेल्याला न पकडण्याचं मान्य करायचं, आणि हे पाळलं जातं, अंपायर नाही, मोठं माणूस नाही, काही नाही. तसंच लिंबूटिंबूचं. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागलेला असतो, त्याला घेतलं नाही तर तो रडणार आणि घेतलं तर खेळाचा विचका, मग त्याला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य येणार नाही, तो आउट झाला तरी आउट नाही, आणि त्याला मात्र वाटत राहतं आपण खेळतोय. एवढी नाजूक घटनादुरुस्ती दहा वर्षांची मुलं पायरीवर बसून दोन मिनिटांत करायची.

माझ्या मते हरवलं ते हे, मुलांनी मुलांसाठी नियम करायची जागा. माती, झाडं, सूर्यप्रकाश हे सगळं छान आहे, पण ते क्रिकेटच्या कोचिंगमध्येही मिळतं. कोचिंगमध्ये लिंबूटिंबू नसतो. तिथे बॅच असते.

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मीही त्याच "आमच्या लहानपणी"वाल्यांच्या रांगेत जाऊन बसेन. ते बालपण सगळ्यांचं नव्हतं. मी मुलगी, त्यामुळे दिवेलागणीपर्यंत बाहेर ही मजा मला फार तर शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळाली, नंतर भाऊ बाहेर आणि मी आत, आणि गेमवाल्या घरीही माझा नंबर शेवटचा, "तुला येत नाही" म्हणून. ज्याला नीट चालता येत नव्हतं, जो तोतरा बोलायचा, त्याच्याशी पोरं किती वाईट वागायची ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो, आणि मोठी माणसं लक्ष देत नव्हती हे जसं स्वातंत्र्य होतं तसंच ते संकटही होतं, कारण मार खाणाऱ्याने सांगायचं कुणाला. आज एखाद्या एकट्या पडलेल्या मुलाला आपल्यासारखंच कुणीतरी ऑनलाइन सापडतं तेव्हा त्याच्यासाठी इंटरनेट म्हणजे सुटका असते, आणि "आमच्या लहानपणी" म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही कारण त्यांचा नंबर नेहमी पहिला लागायचा. वस्तू कमी होत्या म्हणून आम्ही वाटून घ्यायला शिकलो हेही अर्धंच खरं. ज्याची वस्तू होती तो वाटायचा आणि बाकीचे त्याची मर्जी सांभाळायचे.

तरीही एक फरक मला मोठा वाटतो, आणि त्यासाठी मात्र मोबाईलला, म्हणजे खरं तर तो बनवणाऱ्यांना, धरावं लागेल. तेव्हाच्या वस्तू संपायच्या.

फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली ती टेपरेकॉर्डरची कॅसेट घ्या. साठ मिनिटांची असेल तर एका बाजूला तीस मिनिटं, मग खट्ट आवाज होऊन बटण वर यायचं, उठून बाजू बदलायची नाहीतर बंद करायचं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या चकत्या असायच्या, त्या तोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जायचं नाही, म्हणजे आतलं सेफ. आणि मग कधीतरी त्यावर आपलं काही रेकॉर्ड करायचं असलं की त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची की झालं परत सुरू. वडीलधाऱ्यांची भाषणाबिषणाची एखादी कॅसेट असायची, तिच्या खाचेला गुपचूप चिकटपट्टी लावून त्यावर आम्ही बातम्या वाचलेल्या आहेत, मध्ये जाहिराती पण आमच्याच, आणि हवामानाच्या जागी कोणाच्या घरी कोण कोणावर किती तापलंय त्याचा अंदाज. रेकॉर्ड करायला दोन बटणं एकदम दाबायची, मागे कुणीतरी हसणार, मग परत रिवाइंड. मोठ्यांनी ऐकण्यासाठी आणलेल्या मशीनचं आम्ही परस्पर रेडिओ स्टेशन करून टाकलं, कारण ते मशीन अडवत नव्हतं.

गेमबॉयला, 1989 चा तो हातात धरून खेळायचा गेम, चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते संपले की संपलं. दोघांना एकत्र खेळायचं तर केबल जोडून शेजारी बसावं लागायचं. टीव्हीवर कार्यक्रम संपायचे. पुस्तक, मासिक संपायचं आणि पुढच्या अंकाची वाट बघायची. या संपण्यामुळेच मूल उठून बाहेर जायचं, कुणाच्या शिस्तीमुळे नाही! मोठ्यांना तेव्हा "स्क्रीन टाइम" मोजावा लागत नव्हता कारण वस्तूच मोजून मिळायची.

आणि मग ठरवून हे संपणं काढून टाकलं गेलं. खाली सरकवत राहिलं की नवीन येतच राहतं ही सोय एझा रास्किन या डिझायनरने 2006 च्या सुमाराला केली असं सांगितलं जातं आणि त्याने स्वतःच नंतर त्याबद्दल पस्तावा व्यक्त केलाय. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होणं, हेही कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलेलं आहे, निसर्गनियम नाही तो. मोठी माणसंसुद्धा रात्री दीड वाजता त्यात अडकलेली असतात आणि आपण अपेक्षा करतो की नऊ वर्षांच्या मुलाने तिथून स्वतःहून उठावं, नाही उठलं तर पोरगं बिघडलं.

डिझाइन उलटंही करता येतं. 1979 मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला त्याला हेडफोनसाठी दोन जॅक होते, आणि एक केशरी बटण, ते दाबलं की गाणं हळू होऊन मायक्रोफोनमधून शेजारच्याशी बोलता यायचं, कारण एकट्याने कानात घालून ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना धास्ती होती. लोकांना एकटंच ऐकायला आवडतंय हे कळल्यावर पुढच्या मॉडेल्समधून ते गेलं. म्हणजे एकटं पडण्याची सोयसुद्धा इंटरनेटच्या आधीची आहे, आणि ती नको म्हणून एका कंपनीने प्रयत्न केला होता हेही खरं आहे.

अजून एक, तेव्हाची वस्तू बिघडली की मुलांच्या ताब्यात यायची. मेलेल्या टेपरेकॉर्डरमधून मोटर काढून तिला सेल जोडायचा आणि पुठ्ठ्याचा पंखा, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून वाळूत फिरवायचं आणि काळा लोहकीस कागदावर नाचवत बसायचं, याला कुणी एसटीईएम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचं शिक्षण, म्हणत नव्हतं. घरगुती कॉम्प्युटर आले तेही तसेच, 1982 चा झेडएक्स स्पेक्ट्रम चालू केला की सरळ बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर, लिही काय लिहायचं ते. पुढे यंत्रं गुळगुळीत होत गेली, स्क्रू गेले, आणि केंब्रिजमधल्या एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं कमीही होताहेत आणि त्यांनी लहानपणी हाताने फारसं काही केलेलंही नाही, त्यातूनच 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर निघाला. बघा, तंत्रज्ञान मुलांना नकोच असा माझा मुद्दा नाही, उघडता येणारं द्या, संपणारं द्या.

आता बंदीबद्दल. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा केला आणि 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया साइट्सवर अकाउंट ठेवता येत नाही, जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, मुलांवर नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. मी त्याच्या विरोधात नाही. पण दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले होते, दहा वर्षं तो कायदा चालला आणि 2022 उजाडताना काढून टाकला, तोवर मुलं मोबाईल गेम्सवर गेलेली होती आणि ते त्या कायद्यात बसतच नव्हते. घड्याळाला कुलूप लावायचं आणि दार कुठलंच उघडायचं नाही असं केलं की हेच होणार. त्यापेक्षा ब्रिटनचा मुलांसाठीचा डिझाइन कोड मला जास्त कामाचा वाटतो, तो कंपन्यांना सांगतो की मूल वापरतंय तर त्याला चिकटवून ठेवणाऱ्या युक्त्या करू नका. तो 2021 च्या सप्टेंबरपासून पूर्ण लागू व्हायचा होता आणि त्याच ऑगस्टमध्ये यूट्यूबने अठरा वर्षांखालच्यांसाठी ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं, मुळातच बंद ठेवायचं जाहीर केलं. मागे लागलं की होतं म्हणजे.

पण हे सगळं करूनही मुलाने फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघितलं तर बाहेर काय आहे? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात 31 वं कलम आहे, खेळण्याचा हक्क, करार 1989 चा, जवळजवळ सगळ्या देशांनी मान्य केलेला. गेमबॉय आणि वेबचा प्रस्तावही त्याच वर्षीचे, त्या दोघांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत आणि 31 वं कलम मात्र कागदावर. जागा करता येत नाहीत असंही नाही. युद्धानंतर अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्दो व्हॅन आयक या आर्किटेक्टने 1947 पासून तीस वर्षांत सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या, पाडलेल्या घरांचे रिकामे तुकडे, चौकातले कोपरे, वाळूचा खड्डा, उड्या मारायला काही ठोकळे, लोखंडी कमानी, एवढंच, आणि त्या जागांना कुंपण नव्हतं. तो ठोकळा काय आहे ते मुलांनी ठरवायचं. कोपनहेगनला 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यात शहर असताना, फळ्या, विटा, टायर असल्या भंगारावर मुलांचं मैदान सुरू झालं, एमड्रुपला, आणि मुलं स्वतः तिथे खोपी बांधायची. आपल्याकडे मात्र जागा करायची म्हटलं की रंगीत घसरगुंडी, रबरी फरशी, वेळेची पाटी आणि उद्घाटनाची कोनशिला.

सगळ्यात स्वस्त उपाय तर रस्ताच आहे. 2009 मध्ये ब्रिस्टलमध्ये दोन शेजारणींनी आपल्याच घरासमोरचा रस्ता शाळा सुटल्यावर थोडे तास गाड्यांना बंद करून बघितला, पुढे तिथल्या कौन्सिलने त्यासाठी रीतसर परवानगीची पद्धत केली आणि मग इतर शहरांनी उचललं. आणि हेही नवीन नाही, ब्रिटनमध्ये 1938 पासून अशा खेळाच्या रस्त्यांचा कायदाच होता, शेकडो रस्ते होते, गाड्या वाढल्या तसे ते विसरले गेले.

असा विषय आपल्या आसपास काढून बघा, विरोध मोबाईल कंपनीकडून येणार नाही. तो येईल पार्किंगवरून, आवाजावरून, काचा फुटतील यावरून, आणि विरोध करणाऱ्यांत निम्मे तरी तेच असतील ज्यांनी सकाळी गोट्यांचा फोटो टाकून गेले ते दिन म्हणून फॉरवर्ड केलेलं असतं. त्यांच्या गाडीचं काय, तर ब्रिस्टलच्या पद्धतीत तिथे राहणाऱ्याची गाडी अडवत नाहीत, फक्त पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक पुढे चालतो आणि गाडी त्याच्या मागून पायी चालण्याच्या वेगाने घरापर्यंत येते, मुलं बाजूला होतात, गाडी लागली की खेळ परत सुरू. आठवड्यातून दोन तास स्वयंसेवकाच्या मागून हळू गाडी आणायची, एवढंही ज्यांना जमणार नाही त्यांनी हल्लीच्या पोरांच्या मोबाईलवर भाषण देताना निदान मला टॅग करू नये.